प्लेअरमध्ये नवा ऑडिओ कोडेक कसा जोडायचा: ओपसचं उदाहरण घेऊन, पायरीपायरीने

व्हॉट्सॲपवर आलेला आवाजी निरोप अँड्रॉइड फोनमधून फाइल म्हणून बाहेर काढला की ती ‘डॉट ओपस’ निघते. ती एखाद्या छोट्या प्लेअरमध्ये टाकून पाहा. कुठे ती उघडतच नाही. कुठे उघडते, पण आवाज जड आणि संथ येतो. कुठे सुरुवातीलाच ‘टक्’ होतं, तर कुठे मध्ये उडी मारली की क्षणभर खरखर ऐकू येते. या सगळ्याला लोक ‘कोडेक (आवाज आवळण्या-सोडवण्याची पद्धत) सपोर्ट नाही’ असं एकच नाव देतात. खरं तर यातल्या पहिल्या तक्रारीचाच कोडेक असण्या-नसण्याशी संबंध आहे. बाकीच्या तिन्ही तक्रारी हिशेब चुकल्याच्या आहेत.

डिकोड करणं (आवळलेला आवाज पुन्हा सोडवणं) म्हणजे लायब्ररीतलं एक फंक्शन बोलावणं. मेहनत लागते ती त्याच्या आजूबाजूला: किती सॅम्पल (आवाजाची एकेक मोजमापं) फेकायची, कुठून मोजायची, किती मागे जाऊन सुरुवात करायची. हा हिशेब प्लेअरमध्ये एकदाच, एका ठिकाणी नीट बसवला की दुसरा, तिसरा कोडेक जोडणं म्हणजे एक नवी फाइल आणि तक्त्यातली एक नवी ओळ, एवढंच काम उरतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. सी भाषा येते, छोटा प्लेअर लिहिला आहे किंवा एखाद्या मुक्त प्रकल्पात हात घालायचा आहे, असा वाचक गृहीत धरला आहे.

फंक्शनांची आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

## सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- सी कंपायलर (जीसीसी किंवा क्लँग) आणि पीकेजी-कॉन्फिग.
- लिबओपस (ओपस सोडवणारी लायब्ररी) आणि लिबऑग (ऑग हा फाइलचा डबा वाचणारी लायब्ररी) यांची डेव्हलपमेंट पॅकेजं. डेबियन-उबुंटूवर ती ‘लिबओपस-डेव्ह’ आणि ‘लिबऑग-डेव्ह’ या नावांनी मिळतात.
- ‘ओपस-टूल्स’ पॅकेज. त्यातले ओपसएन्क, ओपसडेक आणि ओपसइन्फो हे तिन्ही प्रोग्रॅम रोज लागतील.
- दोन कागद (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानक-कागदपत्रं): आरएफसी ६७१६, म्हणजे २०१२ साली आलेली खुद्द कोडेकची व्याख्या, आणि आरएफसी ७८४५, म्हणजे २०१६ साली आलेले ओपस ऑगमध्ये कसा भरायचा याचे नियम. पहिला कागद चाळला तरी चालेल. दुसरा मात्र ओळ न् ओळ वाचा, कारण प्लेअर लिहिणाऱ्याच्या चुका बहुतेक त्यातल्याच नियमांच्या असतात.
- हेक्स दाखवणारा कोणताही एडिटर.
- चांगले हेडफोन. लॅपटॉपच्या स्पीकरवर १० मिलिसेकंदांची चूक कानाला कळत नाही.

## १. कोडेक वेगळा, कंटेनर वेगळा

ओपस हा कोडेक आहे: आवाज आवळायचा कसा आणि सोडवायचा कसा, एवढंच तो सांगतो. ऑग, मात्रोस्का, एमपी४ हे कंटेनर आहेत: आवळलेली पॅकेटं फाइलमध्ये कशी रचायची आणि त्यांना वेळ कशी चिकटवायची ते हे सांगतात. ‘डॉट ओपस’ फाइल म्हणजे ऑगच्या डब्यात भरलेला ओपस. तोच ओपस वेबएममध्येही (मात्रोस्काचाच एक प्रकार) असतो आणि एमपी४मध्येही.

प्लेअरमध्ये ‘ओपस फाइल वाचणारा’ असा एकच तुकडा लिहिलात, तर उद्या वेबएम आला की सगळं पुन्हा लिहावं लागेल. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन तुकडे ठेवा. कंटेनरवाल्याने पॅकेटं, कोडेकची ओळख आणि वेळ द्यायची. कोडेकवाल्याने पॅकेट घेऊन सॅम्पल द्यायची. कोडेकवाल्या तुकड्याला फाइल दिसताच कामा नये.

## २. वाट निवडा, आणि लायसन्स आधी वाचा

वाटा तीन आहेत.

फक्त ऑगमधला ओपस वाजवायचा असेल आणि पुढे काही वाढवायचं नसेल, तर ‘ओपसफाइल’ ही लायब्ररी घ्या. पानं (ऑग फाइलचे भाग) वाचणं, सीक (हव्या जागी उडी मारणं), सुरुवात-शेवट छाटणं हे सगळं ती स्वतः करते. तिथेच थांबणार असाल तर या लेखातल्या पुढच्या बऱ्याच पायऱ्या तुम्हाला लागणार नाहीत.

डझनभर कोडेक एकदम हवे असतील तर एफएफएमपेगची लिबएव्हीकोडेक घ्या. मात्र ‘सगळं बंद’ करून हवं तेवढंच चालू करत बिल्ड करताना एक गोष्ट हमखास विसरते. ओपसचा डिकोडर चालू केला, ऑगचा डीमक्सर (कंटेनर उलगडणारा भाग) चालू केला, पण ‘फाइल’ हा प्रोटोकॉल चालू करायचा राहिला की कुठलीच फाइल उघडत नाही आणि संशय उगाच कोडेकवर जातो. दुसरा सापळा: कोडेकचे हेडर बाइट हातानं भरत असाल, तर त्यांच्यामागे ६४ शून्य बाइटांची मोकळी जागा ठेवावी लागते. ती नसेल तर डिकोडर बफरच्या पलीकडे वाचतो.

तिसरी वाट म्हणजे प्रत्येक कोडेकची मूळ लायब्ररी थेट जोडणं. इथे आपण हीच घेतो आहोत. आकार लहान राहतो आणि कोणता कोडेक नेमकं काय मागतो ते स्वच्छ समजतं.

लायसन्सचं पाहायचं तर लिबओपस बीएसडीखाली आहे, त्यामुळे बंद सॉफ्टवेअरमध्येही चालते. एफएफएमपेग मुळात एलजीपीएल आहे. ‘जीपीएल चालू’ हा पर्याय देऊन बिल्ड केलंत की ते बिल्ड जीपीएल होतं, आणि ‘नॉनफ्री चालू’ केलंत तर ते दुसऱ्याला वाटताच येत नाही. एमपी३च्या पेटंट-परवान्यांचा कार्यक्रम फ्राउनहोफरने एप्रिल २०१७मध्ये संपवला. एएसीचे परवाने मात्र अजून दिले जातात, त्यामुळे विकायच्या वस्तूत एएसी घालण्याआधी वकिलाला विचारा.

## ३. पाच फंक्शनांचा सांधा

सांधा म्हणजे प्लेअर आणि कोडेक यांना जोडणारा इंटरफेस. सगळ्या कामाचा कणा हाच आहे, म्हणून इथे घाई करू नका. प्रत्येक कोडेकसाठी पाचच फंक्शनं:

- उघड: कंटेनरने दिलेले हेडर बाइट घेतं.
- दे: एक पॅकेट आत घेतं.
- घे: तयार सॅम्पलांची एक फ्रेम बाहेर देतं.
- रिकामं कर: सीकनंतर आतली जुनी आठवण पुसतं.
- बंद कर: मेमरी मोकळी करतं.

‘दे’ आणि ‘घे’ वेगळी का? पॅकेट दिलं की एक फ्रेम मिळाली, असं प्रत्येक कोडेकमध्ये घडत नाही. कुठे पहिल्या पॅकेटातून काहीच बाहेर येत नाही, कुठे एका पॅकेटातून दोन फ्रेम येतात, आणि शेवटी काही फ्रेम आत अडकलेल्या असतात. एफएफएमपेगनेही याच कारणासाठी २०१६ साली ३.१ आवृत्तीत जुनं एकत्र फंक्शन बाजूला ठेवून पाठवणं आणि घेणं वेगळं केलं. म्हणून ‘घे’ची उत्तरं चार ठेवा: ‘ही घ्या फ्रेम’, ‘आणखी पॅकेट द्या’, ‘संपलं’ आणि ‘चूक’. ‘आणखी द्या’ ही चूक नव्हे. नवखे लोक तिला चूक समजून प्लेबॅक थांबवतात.

‘उघड’ने प्लेअरला दोन आकडे परत द्यायचे. पहिला ‘सुरुवातीची छाटणी’, म्हणजे आरंभी किती सॅम्पल फेकायची. दुसरा ‘सीकपूर्व धाव’, म्हणजे उडी मारताना किती सॅम्पल आधीपासून डिकोड करत यायचं. हे आकडे कोडेक सांगतो आणि फेकण्याचं काम प्लेअर करतो. या एका नियमामुळे छाटणीचा कोड सगळ्या प्लेअरमध्ये एकाच जागी राहतो. प्रत्येक कोडेकने आपापली छाटणी आतच केली, तर कोणी केली आणि कोणी नाही हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

सॅम्पल रेट आणि चॅनलसंख्या ‘उघड’च्या उत्तरात न ठेवता प्रत्येक फ्रेमबरोबर द्या. कारण शेवटच्या पायरीत येईल.

नोंदणीसाठी साधा तक्ता पुरतो: कोडेकची ओळख आणि त्यापुढे पाच फंक्शनांचे पॉइंटर. बाहेरून लोड होणाऱ्या प्लगइनची व्यवस्था पहिल्याच दिवशी करू नका. दोन कोडेक चालू झाल्यावर सांध्यात काय कमी आहे ते दिसतं, त्याआधी तो गोठवला तर पुढे प्रत्येक बदल त्रासाचा होतो. पुढे प्लगइन करायचेच असतील, तर रचनेतलं पहिलं घर आवृत्तीच्या आकड्यासाठी राखून ठेवा.

## ४. फाइल ओळखा, नावावर जाऊ नका

‘डॉट ऑग’ नावाच्या फाइलमध्ये व्हॉर्बिस असेल, ओपस असेल किंवा फ्लॅकही असेल. आधी पहिले चार बाइट पाहा. ‘ऑगएस’ अशी रोमन अक्षरं असतील तर कंटेनर ऑग. मग पहिलं पॅकेट काढून त्याची सुरुवात पाहा. ‘ओपसहेड’ ही आठ अक्षरं असतील तर ओपस. बाइट १ आणि मागे ‘व्हॉर्बिस’ असेल तर व्हॉर्बिस. बाइट १२७ आणि मागे ‘फ्लॅक’ असेल तर फ्लॅक.

एमपी३ला अशी ठळक खूण नाही, फ्रेमच्या सुरुवातीला ११ बिट १ असतात एवढंच. तेवढे ११ बिट कुठल्याही फोटोतसुद्धा सापडतात. म्हणून सलग तीन फ्रेम योग्य अंतरावर मिळाल्याशिवाय ‘हा एमपी३’ म्हणू नका, आणि एमपी३ची तपासणी सगळ्यात शेवटी ठेवा.

हे सगळं करूनही ‘फाइल दिसत नाही’ अशी तक्रार आली, तर प्लेअरच्या ‘फाइल उघडा’ खिडकीतली गाळणी पाहा. नवा कोडेक जोडला, पण यादीत ‘डॉट ओपस’ हे एक्स्टेन्शन घालायचं राहिलं, हे फार वेळा घडतं.

## ५. ओपसहेडचे १९ बाइट

साध्या मोनो-स्टिरिओ फाइलमध्ये हे हेडर बरोबर १९ बाइटांचं असतं. क्रम असा: ८ बाइट ‘ओपसहेड’, १ बाइट आवृत्ती, १ बाइट चॅनलसंख्या, २ बाइट प्री-स्किप (म्हणजेच सुरुवातीची छाटणी), ४ बाइट मूळ सॅम्पल रेट, २ बाइट आउटपुट गेन (आवाज किती वाढवायचा-घटवायचा) आणि १ बाइट मॅपिंग फॅमिली (चॅनलांच्या मांडणीचा प्रकार). एकापेक्षा जास्त बाइटांचे आकडे लिटल एंडियन, म्हणजे लहान बाइट आधी.

इथले सापळे एकेक करून पाहू.

मूळ सॅम्पल रेट. हा आकडा फक्त माहितीसाठी आहे. ओपस नेहमी ४८,००० वर डिकोड करायचा. फाइलमध्ये ४४,१०० लिहिलेलं पाहून साउंड कार्ड ४४,१०० वर उघडलंत आणि त्यात ४८,००० ची सॅम्पल ओतलीत, तर चार मिनिटांचं गाणं चार मिनिटं एकवीस सेकंद चालतं आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन खाली उतरतो. काळी चारमधलं गाणं जवळपास काळी तीनच्या आसपास येऊन पोहोचतं. सुरुवातीला म्हटलेला ‘जड आणि संथ’ आवाज बहुतेक वेळा हाच. कार्ड ४४,१००च मागत असेल तर १६० सॅम्पलांची १४७ करणारा रीसॅम्पलर मध्ये बसवा.

आउटपुट गेन. हा चिन्ह असलेला १६ बिटी आकडा आहे आणि त्यातले २५६ म्हणजे १ डेसिबल. तो लावणं ऐच्छिक नाही. ‘आवाजाची पातळी समान ठेवा’ हे बटण बंद असलं तरी हा लावायचाच. लिबओपसला तो एकदा सेट करून दिला की ती स्वतः लावते.

आवृत्ती. ती १ असते, पण ‘१ नसेल तर नाकारा’ असं लिहू नका. वरचे चार बिट शून्य असले, म्हणजे आकडा १६ पेक्षा लहान असला, तर फाइल घ्या.

एमपी४. तिथे हीच माहिती ‘डीऑप्स’ नावाच्या खोक्यात असते. त्यात ‘ओपसहेड’ ही अक्षरं नसतात, आवृत्ती ० असते आणि आकडे बिग एंडियन असतात. ऑगचा कोड तसाच लावला तर प्री-स्किप ३१२ ऐवजी १४,३३७ वाचला जातो आणि गाण्याची सुरुवातच गायब होते.

## ६. ऑगची पानं

लिबऑग हे काम चोख करते, स्वतः लिहू नका. तरीही आत काय चालतं ते माहीत हवं, नाहीतर चूक शोधता येत नाही.

प्रत्येक पानाला २७ बाइटांचं हेडर असतं आणि त्यामागे तुकड्यांच्या लांबीचा तक्ता. तुकडा जास्तीत जास्त २५५ बाइटांचा. २५५ पेक्षा लहान तुकडा आला की पॅकेट संपलं. पॅकेटची लांबी नेमकी २५५ च्या पटीत असेल तर शेवटी ० लांबीचा तुकडा येतो. स्वतः पार्सर लिहिणारे इथेच अडखळतात आणि दोन पॅकेटं एकमेकांना चिकटतात.

पानावरचा ग्रॅन्यूल आकडा हा त्या पानावर संपणाऱ्या शेवटच्या पॅकेटच्या अखेरीपर्यंतची सॅम्पल सांगतो, तीही ४८,००० च्या मापाने आणि प्री-स्किप धरून. तो उणे १ असेल तर त्या पानावर एकही पॅकेट संपत नाही. त्याला वेळ समजून वापरलंत तर सीकची पट्टी भलतीकडे उडते.

दुसरं पॅकेट ‘ओपसटॅग्ज’. ते एका पानात मावेलच असं नाही. आत अल्बमचं चित्र असेल तर ते अनेक पानांवर पसरतं. ‘तिसरं पान म्हणजे आवाज’ असं गृहीत धरलेला कोड चित्र असलेल्या पहिल्याच फाइलवर कोसळतो.

## ७. डिकोड

डिकोडर ४८,००० वर तयार करा. एका पॅकेटात जास्तीत जास्त १२० मिलिसेकंद असू शकतात, म्हणजे दर चॅनल ५,७६० सॅम्पल. स्टिरिओसाठी, फ्लोटमध्ये, बफर ४६,०८० बाइट. तो ‘उघड’मध्ये एकदाच घ्या आणि ‘ओपस_डिकोड_फ्लोट’ला जागा ५,७६० अशीच सांगा. बहुतेक फाइलींत २० मिलिसेकंदांची, ९६० सॅम्पलांची पॅकेटं असतात म्हणून बफर ९६० चा ठेवला, तर ६० मिलिसेकंदांची पहिली फाइल येताच उणे २ ही ‘बफर लहान’ची चूक मिळते.

परत येणारा आकडा दर चॅनलचा असतो. बफरमध्ये डावं-उजवं आलटून पालटून असल्यामुळे एकूण आकड्यांची संख्या त्याच्या दुप्पट. हे विसरलं तर अर्धाच आवाज पुढे जातो आणि प्लेबॅक दुप्पट वेगाने धावल्यासारखा वाटतो.

० लांबीचं पॅकेट लिबओपसला देऊ नका. ती त्याला ‘हरवलेलं पॅकेट’ समजते आणि सांगितलेल्या पूर्ण जागेएवढा, म्हणजे ५,७६० सॅम्पल, अंदाजाने आवाज भरून देते. एका रिकाम्या पॅकेटामागे १२० मिलिसेकंदांनी गाडी रुळावरून घसरते.

फ्लोटमधली सॅम्पल अधूनमधून ±१ च्या बाहेर जातात, ते नॉर्मल आहे. १६ बिटांत बदलण्याआधी मात्र सीमेत आणा, नाहीतर मोठ्या आवाजाच्या जागी कर्कश तडतड होते. आणि हे सगळं साउंड कार्डच्या कॉलबॅकमध्ये करू नका. वेगळ्या थ्रेडमध्ये डिकोड करून रिंग बफरमध्ये ठेवा, कॉलबॅकने तिथून फक्त उचलावं.

## ८. सॅम्पलांचा हिशेब

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसा.

समजा तीन सेकंदांचा निरोप आहे: १,४४,००० सॅम्पल. प्री-स्किप ३१२. म्हणजे शेवटच्या पानाचा ग्रॅन्यूल १,४४,३१२. पॅकेटं ९६० ची, म्हणून १५१ पॅकेटं लागतात आणि डिकोड होऊन येतात १,४४,९६० सॅम्पल. आता शेवटून १,४४,९६० वजा १,४४,३१२, म्हणजे ६४८ फेका. सुरुवातीची ३१२ फेका. उरली बरोबर १,४४,०००.

ही छाटणी केली नाही तर या फाइलमध्ये २० मिलिसेकंद फालतू राहतात. आवाजी निरोपात ते कोणाला जाणवणार नाही. पण एकाच बैठकीची मैफल आठ तुकड्यांत कापलेली असेल आणि मागे तानपुरा अखंड वाजत असेल, तर प्रत्येक जोडावर तानपुऱ्याला ठेच लागते. ऐकणाऱ्याला ती पहिल्याच जोडावर कळते.

छाटणी ४८,००० वरच, रीसॅम्पलरच्या आधी करा. नंतर केली तर ३१२ चं रूपांतर २८६.६५ होतं आणि अपूर्णांकाचं काय करायचं हा प्रश्न उरतो.

सीक. ओपस मागच्या आवाजाच्या आधाराने पुढचा घडवतो. मधल्याच पॅकेटापासून सुरुवात केली तर पहिले काही मिलिसेकंद चुकीचे येतात, तीच ती खरखर. म्हणून हव्या त्या जागेच्या किमान ८० मिलिसेकंद, म्हणजे ३,८४० सॅम्पल आधीपासून डिकोड करायचं आणि तेवढं फेकायचं.

साठाव्या सेकंदावर जायचं असेल तर: २८,८०,००० अधिक प्री-स्किप ३१२ मिळून २८,८०,३१२. त्यातून ३,८४० वजा केले की २८,७६,४७२. ज्या पानाचा ग्रॅन्यूल या आकड्याच्या आत किंवा बरोबर आहे, असं शेवटचं पान शोधा. ऑगमध्ये अनुक्रमणिका नसते, म्हणून फाइल अर्धी-अर्धी करत शोधावं लागतं. डिकोडर रिकामा करा, त्या पानाच्या पुढच्या पॅकेटापासून डिकोड करा आणि २८,८०,३१२ येईपर्यंतचं सगळं फेका. नव्या पानावरचं पहिलं पॅकेट मागच्या पानावरून चालत आलेलं असेल तर त्याचा मागचा भागही लागतो. लिबऑगला आधीचं पान दिलेलं असेल तर ती ते जोडून देते.

सुरुवातीच्या ३,८४० सॅम्पलांच्या आत कुठे जायचं असेल तर शोधाशोध नको, फाइल पहिल्यापासून डिकोड करा.

वेबएममध्ये हेच आकडे नॅनोसेकंदांत येतात: ३१२ सॅम्पलांसाठी कोडेक-डिले ६५,००,००० आणि सीक-प्रीरोल ८,००,००,०००. कंटेनरवाल्या तुकड्याने त्यांची सॅम्पलं करूनच पुढे द्यावीत, म्हणजे छाटणीच्या कोडला एकच माप माहीत राहतं.

## ९. चॅनलांचा क्रम

स्टिरिओत प्रश्नच नाही. सहा चॅनलांचा ओपस व्हॉर्बिसच्या क्रमाने येतो: डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, शेवटी बास. बरीचशी साउंड कार्डं वेव्हचा क्रम मागतात: डावा, उजवा, मधला, बास, मागचा डावा, मागचा उजवा. क्रम न बदलता दिला तर चित्रपटातले संवाद उजव्या कोपऱ्यातून येतात. मॅपिंग फॅमिली ० नसेल तर हेडर १९ बाइटांचं नसून २१ अधिक चॅनलसंख्या एवढं असतं, आणि लिबओपसची ‘मल्टिस्ट्रीम’ फंक्शनं वापरावी लागतात.

## १०. टॅग आणि देवनागरी नावं

ओपसटॅग्जमधला मजकूर यूटीएफ-८ असतो आणि त्याची लांबी बाइटांत दिलेली असते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं: ‘लता’ या शब्दात ल, त आणि काना अशी तीन चिन्हं, म्हणजे ९ बाइट. ६४ बाइटांचा ठरीव बफर ठेवला तर मराठी शीर्षक २१ चिन्हांतच संपतं, आणि बाविसाव्या चिन्हाचा एकच बाइट उरून पडद्यावर चौकोन दिसतो. ठरीव बफर नकोच. कापायचंच असेल तर चिन्हाच्या सीमेवर कापा.

विंडोजवर आणखी एक अडचण. साधं ‘एफओपन’ तिथे नेहमीच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ नाव समजत नाही, त्यामुळे ‘पसायदान डॉट ओपस’ अशी देवनागरी नावाची फाइल उघडतच नाही आणि तक्रार येते कोडेकची. नाव यूटीएफ-१६मध्ये बदलून ‘डब्ल्यूएफओपन’ वापरा. चाचणीच्या फाइलींपैकी दोन-तीन तरी देवनागरी नावाच्या ठेवाच.

टॅगची लांबी ३२ बिटी असते. ती उरलेल्या पॅकेटपेक्षा मोठी नाही ना, हे मेमरी घेण्याआधी तपासा. बिघडलेल्या फाइलमध्ये तिथे चार अब्जाचा आकडाही असू शकतो.

## ११. तपासणी

ओपसएन्कने या फाइली तयार करा:

- ४४,१०० वरचा दहा सेकंदांचा १,००० हर्ट्झचा सूर. बाहेर नेमकी ४,८०,००० सॅम्पल यायला हवीत, एकही कमी-जास्त नाही.
- डाव्या कानात ४४० आणि उजव्या कानात ८८० हर्ट्झ.
- फ्रेमची लांबी २.५ मिलिसेकंद, आणि दुसरी ६० मिलिसेकंदांची.
- मोठं चित्र आत घातलेली.
- एक मोनो आणि एक स्टिरिओ फाइल ‘कॅट’ने सरळ एकामागे एक जोडलेली. ऑगमध्ये हे कायदेशीर आहे, इंटरनेट रेडिओवर असंच येतं. मध्येच नवं ओपसहेड येतं आणि चॅनलसंख्या बदलते.
- वरचीच एखादी फाइल २०,००० बाइटांवर तोडलेली.

तुमचं आउटपुट ओपसडेकच्या आउटपुटशी ताडून पाहा, पण ओपसडेकला ‘फ्लोट’ हा पर्याय आणि रेट ४८,००० द्या. नाहीतर तो ४४,१०० ची फाइल त्याच रेटवर उतरवतो, १६ बिट करताना डिदर (मुद्दाम घातलेला बारीक गोंगाट) मिसळतो आणि फाइली कधीच जुळत नाहीत. लिबओपसची आवृत्ती आणि प्रोसेसर वेगळे असतील तर अगदी शेवटच्या दशांशात फरक पडू शकतो, तो चालतो. सॅम्पलांच्या संख्येतला फरक चालत नाही.

हे सगळं ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ (मेमरीच्या चुका पकडणारा कंपायलरचा पर्याय) चालू करून पुन्हा एकदा चालवा. त्याच्याशिवाय तोडलेली फाइल गुपचूप चुकीची मेमरी वाचते आणि प्लेअर दुसऱ्याच दिवशी, दुसऱ्याच गाण्यावर पडतो.

## १२. आता दुसरा कोडेक जोडून सांधा पारखा

सांधा चांगला झाला का, हे ओपसवरून कळत नाही. त्यासाठी फ्लॅक जोडा. सुरुवातीची छाटणी ०, सीकपूर्व धाव ०. पण लिबफ्लॅक पॅकेटची वाट पाहत बसत नाही, ती कॉलबॅकमधून स्वतः बाइट मागते. म्हणून ‘दे’मध्ये पॅकेट जपून ठेवा, आणि ‘घे’मध्ये एकच फ्रेम सोडवणारं फंक्शन बोलावून कॉलबॅकला तेच बाइट पुरवा. आणखी एक: २४ बिटांची सॅम्पल ३२ बिटी पूर्णांकात येतात आणि त्यांना ८३,८८,६०८ ने भागायचं असतं. सवयीने ३२,७६८ ने भागलं तर नुसता गोंगाट ऐकू येतो, तेव्हा पहिल्यांदा ऐकताना हेडफोन कानापासून दूर धरा. फ्लॅकची मोठी सोय म्हणजे मूळ आवाजाचा एमडी५ (बाइटांवरून काढलेला ठसा) त्याच्या हेडरमध्येच असतो. तुमच्या सॅम्पलांचा एमडी५ त्याच्याशी जुळला की काम बरोबर झालं, कानावर विसंबायची गरज नाही.

मग एमपी३. फ्रेम १,१५२ सॅम्पलांची. डिकोडरची ५२९ आणि लेम एन्कोडरची बहुधा ५७६ मिळून सुरुवातीची छाटणी १,१०५, नेमका आकडा लेमच्या टॅगमधून घ्यायचा. एमपी३ची फ्रेम आपला काही मजकूर मागच्या फ्रेममध्ये ५११ बाइटांपर्यंत मागे ठेवू शकते, म्हणून सीकपूर्व धाव काही फ्रेमची लागते. फ्लॅक आणि एमपी३ दोन्ही पाच फंक्शनांत बसले आणि प्लेअरच्या छाटणीच्या कोडला हात लावावा लागला नाही, तर सांधा मजबूत आहे.

शेवटी एचई-एएसी (एएसीचा एक प्रकार) जोडताना सॅम्पल रेट फ्रेमबरोबर का ठेवला ते दिसेल. काही फाइलींच्या हेडरमध्ये २४,००० लिहिलेलं असतं, आणि पहिली फ्रेम सोडवल्यावर डिकोडर ४८,००० देतो, कारण वरच्या पट्टीची माहिती फ्रेममध्येच दडलेली असते. हेडर वाचून साउंड कार्ड उघडणारा प्लेअर अशी फाइल निम्म्या वेगाने वाजवतो. म्हणून साउंड कार्ड पहिली फ्रेम हातात आल्यावरच उघडा, आणि पुढच्या प्रत्येक फ्रेमचा रेट आधीच्या फ्रेमशी ताडून पाहत राहा.